'सॉरी म्हण' म्हणण्याआधी

नववीच्या वर्गाची जबाबदारी पहिल्यांदाच आली आहे ना? मग भांडणं तुमच्यापर्यंत येणारच. घाबरू नका, सुरुवातीला दोन-तीन गोष्टी सांभाळल्या तरी पुरे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करून "चल, सॉरी म्हण" करणं. तुमच्या दबावाखाली आलेली माफी या वयाची मुलं हिशोबातच धरत नाहीत. वर्गाबाहेर पडताच ऐकू येतं, "मॅडम होत्या म्हणून बोलला."

मुलं शब्द फार बारकाईने ऐकतात. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" यातला 'तर' त्यांना लगेच खटकतो. "तुझा स्क्रीनशॉट मी ग्रुपवर टाकला, चूक माझी" हे मात्र पटतं. 2016 मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे रॉय लेविकी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांवर केलेल्या अभ्यासातही चूक स्वतःवर घेणं सर्वात प्रभावी ठरलं, त्याखालोखाल भरपाईची तयारी. "माफ कर ना" अगदी तळाला!

आणखी थोडं:
- अपमान ग्रुपवर आणि माफी खाजगीत, हे मुलांना पळवाट वाटतं.
- खरी परीक्षा पुढच्या काही दिवसांत होते. तोच टोमणा पुन्हा आला की आधीची माफी रद्द.
- "त्याने सॉरी म्हटलंय, आता विसर" असं दुखावलेल्याला सांगू नका.

देहबोली वगैरे सध्या राहू द्या. नजर चुकवणारा मुलगा खोटाच असतो असं नाही, बरेचदा नुसता लाजलेला असतो.