हृदयाच्या पेशींसाठी कंडक्टिव्ह आणि बायोडिग्रेडेबल स्कॅफोल्ड (पेशी ज्यावर वाढवायच्या तो सांगाडा) करायचंय. वीज वाहणाऱ्या पॉलिमरपैकी पॉलिपायरोल घेऊ की पॉलिअनिलिन?

ते सांगतो, पण आधी मला सांगा, कंडक्टिव्हिटी तुम्ही सुक्या तुकड्यावर मोजणार की ओल्या? कारण याच एका गोष्टीवरून माझं गाइडशी वाजलं होतं आणि पीएचडी होऊन गेली तरी ते डोक्यातून जात नाही.

आमचं पॉलिअनिलिन आणि पीसीएलचं (पॉलिकॅप्रोलॅक्टोन, एक विरघळणारं पॉलिएस्टर) मिश्रण, कॅम्फरसल्फॉनिक ॲसिडने डोप केलेलं, म्हणजे वीज वाहावी म्हणून ते ॲसिड घातलेलं, त्याची इलेक्ट्रोस्पिनिंगने (विजेच्या दाबाने बारीक तंतू ओढून) मॅट काढायची. हिरवीगार मॅट यायची, फोर प्रोबवर (चार टोकांनी कंडक्टिव्हिटी मोजतात त्यावर) रीडिंग झकास, सर खूश. मी म्हटलं सर, पेशी वाढवायच्या म्हणजे ही कायम ओलीच राहणार ना, एकदा पीबीएसमध्ये (शरीरासारखा पीएच असलेल्या खारट बफरमध्ये) ठेवून बघूया. तर म्हणे सगळे सुकीच मोजतात, तू फाटे फोडू नकोस. मग एका शनिवारी मी गुपचूप तीन तुकडे ३७ डिग्रीला ठेवून घरी गेलो, सोमवारी बघतो तर तिन्ही निळे! पॉलिअनिलिन हाताळलेल्यांना रंगावरूनच कळलं असेल. ७.४ पीएचला प्रोटॉन निघून जातात, डोपंट म्हणजे ते ॲसिड धुतलं जातं, पॉलिअनिलिनच्या हिरव्या वाहक रूपाचा, एमराल्डिन सॉल्टचा, निळा बेस होतो आणि बेस म्हणजे जवळजवळ इन्सुलेटरच. सरांना दाखवलं तर म्हणाले बफर जुना असेल. बफर! नवीन बफर करून परत ठेवलं, परत निळं. शेवटी थिसिसमध्ये ते परिशिष्टात ढकललं गेलं, आणि व्हायव्हाला एक्स्टर्नलने नेमकं तेच पान उघडलं. सर तेव्हा छताकडे बघत होते.

आणि हेही लक्षात घ्या की कल्चर मीडियम स्वतःच मीटरला साधारण १.५ सीमेन्स इतकं वाहक असतं. तुमचं स्कॅफोल्ड ओलं झाल्यावर त्याच्या बरंच खाली गेलं तर करंट बहुतेक मीडियममधूनच जाणार, मग पेशी खूश झाल्या त्या स्कॅफोल्डमुळे हे कशावरून? तेच मिश्रण डोप न करता कंट्रोल म्हणून ठेवाच. १९९७ चा श्मिट, लँगर वगैरेंचा पेपर सगळे उगाळतात, पॉलिपायरोल फिल्ममधून करंट दिल्यावर पीसी-१२ पेशींचे (मज्जापेशींसारख्या वागणाऱ्या पेशी) न्यूराइट, म्हणजे त्यांना फुटणारे तंतू, जवळपास दुप्पट लांबले तो, चांगलाच आहे, पण त्या हृदयाच्या पेशी नव्हेत आणि ती फिल्म विरघळणारीही नव्हती.

बायोडिग्रेडेबलचं म्हणाल तर दोन्ही नाहीत, सरळ सांगतो. विरघळतं ते सोबतचं पीसीएल नाहीतर पीएलए (पॉलिलॅक्टिक ॲसिड), त्यांचे एस्टर बंध पाण्याने तुटतात, कंडक्टिव्ह भाग मात्र कण होऊन तिथेच पडून राहतो. खरंच विरघळणारं हवं असेल तर अनिलिनचे तीन-चार-पाच युनिटांचे छोटे तुकडे एस्टरने जोडलेली पॉलिमर वाचा, साखळी तुटली की उरलेले तुकडे मॅक्रोफेज (शरीरातला कचरा गिळणाऱ्या पेशी) गिळू शकतील एवढे लहान असतात. श्मिट यांच्याच ग्रुपने २००२ मध्ये पायरोल-थायोफिनचे तुकडे असेच जोडले होते. कंडक्टिव्हिटी कमी मिळते, ती किंमत मोजावीच लागते.

बाकी पॉलिपायरोलवर मी स्वतः काम केलेलं नाही, न्यूट्रल पीएचला ते पॉलिअनिलिनपेक्षा बरं टिकतं, त्यामुळे दोनातलंच निवडायचं तर ते घ्या. पण ओलं मोजा, पहिल्या दिवशी आणि मग दर आठवड्याला, आणि गाइड नको म्हणाले तर शनिवारी मोजा.