कढीपत्त्यावरच्या अळ्या मारू का?

प्रश्न : बाल्कनीतल्या कढीपत्त्याची पानं अळ्या फस्त करतात, म्हणून औषध मारते. पण पूर्वीसारखी फुलपाखरंही आता दिसत नाहीत. असं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, ज्या अळ्या तुम्ही मारता, तीच बहुधा तुमची फुलपाखरं! कढीपत्ता आणि लिंबावर लिंबाळी फुलपाखरू अंडी घालतं. अळी आधी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. काडीनं हलकेच डिवचा, डोक्यामागून शिंगं काढून उग्र वास सोडेल. चावत नाही.

गंगापूर रोडला राहायला आले तेव्हा मीही एक अख्खी फांदी छाटून कचऱ्यात टाकली होती. ते आजही मनाला लागतं. आता एक कुंडी आमटीसाठी, एक अळ्यांसाठी. पानं ओरबाडली गेली तरी झाड पुन्हा फुटतं.

फुलांच्या कुंड्या सगळेच ठेवतात, पण फुलं म्हणजे फक्त मोठ्यांचं जेवण. अळीला तिचं ठरलेलंच झाड लागतं. रिकाम्या प्लॉटवरची रुई जेसीबीनं उपटली की तिच्यावर वाढणारी पट्टेरी अळीही गेली. जेझबेल फुलपाखराची अळी तर बांडगुळावर वाढते, जे आपण झाडाचा शत्रू म्हणून तोडतो. महाराष्ट्रानं 2015 मध्ये ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं. त्याची अळीसुद्धा लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर पोसते.

तेव्हा औषध आजच बंद करा. अळी दिसेनाशी झाली तर कुंडीची कड, ग्रिल बघा. कोष तिथंच कुठंतरी चिकटलेला असेल, तो पुसू नका.