छेद छातीवर, सुई कमरेत

प्रश्न : वडिलांच्या फुप्फुसाचा काही भाग दुर्बिणीतून काढायचा आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासाठी कमरेतून मणक्यात मॉर्फिनचे एकच इंजेक्शन देऊ, असे भूलतज्ज्ञ म्हणाले. छेद छातीवर असताना सुई कमरेत का? आणि याची सवय तर लागणार नाही?

उत्तर : सवयीची काळजी सोडा, एका मात्रेने ती लागत नाही. छेद लहान म्हणून दुखणेही लहान, हा समज मात्र खरा नाही, कारण उपकरणे बरगड्यांच्या फटीतून आत जाताना तिथली नस दाबली जाते आणि नंतर ठेवलेली नळी श्वासागणिक टोचत राहते. दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही आणि कफ साठतो.

प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, म्हणून सुई त्याखाली टोचणे सुरक्षित असते. मॉर्फिन चरबीत फारसे विरघळत नाही. त्यामुळे आसपास चटकन न मुरता ते मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात रेंगाळते आणि हळूहळू छातीच्या पातळीपर्यंत वर सरकते. साधारण 0.1 ते 0.3 मिलिग्रॅम, म्हणजे शिरेतून लागणाऱ्या मात्रेचा जेमतेम शंभरावा हिस्सा, 18 ते 24 तास पुरतो. नुसत्या मॉर्फिनने पाय लुळे पडत नाहीत.

पण हेच वर सरकणे मेंदूतील श्वसनकेंद्रापर्यंत पोहोचले, तर काही तासांनी, बहुधा ऐन रात्री, श्वास मंदावू शकतो. असे क्वचितच घडते, तरीही पहिले 24 तास दर मिनिटाचे श्वास मोजणे आणि हाक मारून रुग्ण किती गुंगीत आहे ते पाहणे आवश्यक असते. प्राणवायू लावलेला असताना बोटावरच्या यंत्रातला आकडा उशिरा घसरतो, त्यामुळे केवळ त्याच्यावर विसंबू नये. माझ्या मते, इंजेक्शन कोण देणार यापेक्षा रात्री लक्ष कोण ठेवणार, हे आधी विचारावे.

वडील नाक खाजवू लागले, तर ती बहुधा ॲलर्जी नसून मॉर्फिनचाच परिणाम असतो. मळमळ होऊ शकते, लघवीही अडू शकते. दोन्हींवर उपाय आहेत. वडील रक्त पातळ करणारी औषधे घेत असतील किंवा घोरताना त्यांचा श्वास अडकत असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. अशा वेळी बरगड्यांच्या नसा बधिर करणारे इंजेक्शन अधिक सोयीचे ठरू शकते. दुसऱ्या दिवशी मॉर्फिनचा असर ओसरतो, म्हणून पॅरासिटामॉलसारखी औषधे पहिल्या दिवसापासूनच वेळच्या वेळी सुरू असावीत.