जुना पत्ता सोडायची घाई करू नका (मेनरोड ते पाथर्डी फाटा, ट्रस्टच्या स्थलांतराचा अनुभव)

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळचा, तुमच्या ट्रस्टचं ऑफिस असलेला वाडा पाडायला निघालाय, विश्वस्तांनी इंदिरानगरला जायचा ठराव केलाय, आणि तुम्ही विचारताय की 'चेंज रिपोर्ट (धर्मादाय आयुक्त कार्यालयाला बदल कळवण्याचा अर्ज) टाकला की झालं ना?' नाही हो, तिथून तर सुरू होतं. आमचा ट्रस्ट ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी वाचा-उपचार केंद्र चालवतो. मेनरोडच्या मागच्या वाड्यातून आम्ही पाथर्डी फाट्याला (तुमच्या इंदिरानगरच्याच बाजूला) गेलो तेव्हा सचिव मीच होते, म्हणून लिहिते. मी वकील नाही, सीए नाही. कायद्याचं जे खाली येईल ते आपापल्या वकिलाला दाखवूनच करा.

ठराव, ९० दिवसांच्या आत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ चा चेंज रिपोर्ट, पॅन-टॅन, पीएफ ही यादी तुमच्या सीएकडे असेलच, ती सोडते. फक्त नव्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स नोंदणीकृतच हवा. मालक 'नोटरी करून टाकू' म्हणाला तर ऐकू नका, पुढे प्रत्येक टेबलावर अडकाल.

आमचं घोडं अडलं ते बँकेत. नाव घेत नाही, शाखा जुन्या गावातलीच. नव्या पत्त्याचा अर्ज दिला तर काउंटरवरच्या बाईंनी फाइल न उघडताच विचारलं, 'आदेश कुठाय?' आमच्याकडे होती चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पोच. ती चालणार नाही, बदल मंजूर झाल्याचा आदेश आणि नव्या पत्त्याचा परिशिष्ट-१ चा उतारा (धर्मादायकडच्या ट्रस्टच्या नोंदीची नक्कल) आणा म्हणाल्या. आता धर्मादायकडचा आदेश काही पोच मिळाली की दुसऱ्या दिवशी हातात पडत नाही. तारखा लागतात, एखाद्या विश्वस्ताचं प्रतिज्ञापत्र राहिलेलं निघतं. तोवर आम्ही वाड्याची किल्ली देऊन मोकळे झालो होतो, कारण मालक रोज फोन करत होता.

त्याच काळात बँकेनं केवायसी नूतनीकरणाचं पत्र जुन्या पत्त्यावर पाठवलं. पोस्टमननं लाल शाईनं 'सोडून गेले' लिहून ते परत केलं. ते पाकीट मला नंतर शाखेतच आमच्या अर्जाला टाचलेलं बघायला मिळालं. म्हणजे नव्या पत्त्याचा आमचा अर्ज आणि जुन्या पत्त्यावरून परत आलेलं त्यांचं पत्र एकाच टाचणीत, आणि तरी खातं गोठवलेलं! देणग्या जमा होत होत्या, पैसे बाहेर निघत नव्हते. जुन्या पत्त्यावर आम्ही नाही, नवा पत्ता त्यांना मान्य नाही, बँकेच्या लेखी आम्ही कुठेच नव्हतो.

दिवाळी तोंडावर, उपचारतज्ज्ञांचे पगार अडकले. दोन विश्वस्तांनी खिशातून पैसे घातले. भलं करायला गेले आणि ऑडिटरनं वर्षाखेरीस तेच उकरलं: ही उसनवारी आहे, ट्रस्टच्या नावावर कर्ज घ्यायला कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, ती कुठे आहे? त्या शेऱ्याला उत्तर देता देता नाकी नऊ आले. तुमच्यावर अशी वेळ आली तर देणगी म्हणून द्या आणि पावती फाडा, 'नंतर परत घेऊ' असं मनातही आणू नका. (पुन्हा सांगते, आधी सीएला विचारा.)

शेवटी गाडी हलली ती शाखेचा नाद सोडल्यावर. बँकेच्या विभागीय कार्यालयाला लेखी तक्रार दिली, पोच घेतली. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, हे वाक्य त्या तक्रारीत सभ्य भाषेत घातलं होतं. मग त्याच शाखेला चेंज रिपोर्टची तीच पोच चालली! काउंटरवर वाद घालू नका, लेखी द्या.

म्हणून माझं ठाम मत: शेवटच्या कागदावर नवा पत्ता येईपर्यंत जुन्या जागेची एक खोली, पाटी आणि टपालपेटी सोडायची नाही. एक टेबल आणि आठवड्यातून काही वेळ बसणारं माणूस पुरतं. मात्र नुसतं कुलूप लावून ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरात नसेल तर मालकाला ताबा मागायला ते एक कारण मिळतं. वीजबिलाचे आकडे आणि आवक नोंदवही जपा, वापराचा पुरावा तोच. शिवाय वाडा पाडून नवी इमारत होणार असेल तर जुन्या भाडेकरूचा नव्या जागेवर हक्क लागू शकतो. तो मालकाच्या एका गोड बोलण्यावर सोडून येऊ नका. ताबा सोडायचे पैसे देतो म्हणाला तर वकिलाशिवाय सही नको.

आता एक गोष्ट जी ठरावात कुणीच लिहीत नाही. तुमच्याकडे येणारी माणसं कुठल्या रस्त्यानं येतात? आमच्या विश्वस्तांनी पार्किंग बघितलं, कारण ते गाडीनं येतात. इगतपुरी-घोटीकडच्या पालकांची सोय झाली, मुंबई-आग्रा महामार्गावर फाटा आधीच येतो. पण पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची माणसं पंचवटीच्या बाजूनं शहरात येतात. आधी सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) उतरून चालत यायची, आता तिथून पुढे सिटीलिंकची शहर बस नाहीतर रिक्षा. मुलाला कडेवर घेऊन आलेल्या आईला तो जादा खर्च दर खेपेला. काही मुलं यायची बंदच झाली. सुरगाण्याच्या बाजूचे लाभार्थी जास्त असतील तर इंदिरानगरऐवजी पंचवटीच्या बाजूला मेरी-म्हसरूळकडे जागा बघा, असं मी तरी म्हणेन. तुमच्या विश्वस्तांना पटेल की नाही, देव जाणे.

जाता जाता विजेचं: शैक्षणिक किंवा वैद्यकीय काम असेल तर महावितरणकडे 'सार्वजनिक सेवा' वर्गासाठी अर्ज करा. आपणहून कुणी सांगत नाही, मीटर व्यावसायिक दरानं चालू राहतो. आणि जागा निवासी इमारतीत असेल तर सोसायटीची ना-हरकत लेखी घ्या. अध्यक्ष तोंडी हो म्हणतात आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष बदलतात.

वाड्याची भाडेपावती ट्रस्टच्या नावानं आहे की एखाद्या जुन्या विश्वस्ताच्या, ते आधी बघून इथे कळवा. विश्वस्ताच्या नावानं असेल तर वर हक्काबद्दल जे लिहिलंय त्यातलं बरंच बदलतं.