चित्रापुढे रडू आलं, पुढे काय?

प्रश्न: प्रवासात फ्रान्समधल्या कोलमारच्या उन्टरलिंडेन संग्रहालयात जर्मन चित्रकार ग्र्यूनेवाल्डचं क्रूसावरच्या येशूचं चित्र पाहिलं आणि मला एकदम रडू कोसळलं. यजमानांच्या लांबलेल्या आजारपणात मी टिपूस गाळला नव्हता, ते गेले तेव्हाही नाही. मी देवधर्म मानत नाही. पुढचे काही दिवस विलक्षण शांत गेले, आपण आतून बदललो असं वाटलं. घरी आल्यावर मात्र तीच चिडचिड, तेच टोचून बोलणं. तो अनुभव खरा होता, की भावनेच्या भरात मीच काहीतरी समजून बसले?

उत्तर: अनुभव खरा होता. बदल अजून व्हायचाय, असं माझं मत. आणि चिडचिडीचं म्हणाल, तर नुसत्या चित्रांच्या सहवासाने स्वभाव सुधारत असता, तर संग्रहालयांचे पहारेकरी एव्हाना संतपदाला पोचले असते.

तुम्ही नेमक्या याच चित्रापुढे रडलात याचं मला नवल वाटत नाही. १५१२ ते १५१६च्या सुमारास ते रंगवलं गेलं इझेनहाइमच्या अँटोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या मठासाठी, आणि त्या मठाचं काम होतं आजाऱ्यांची शुश्रूषा. बुरशी लागलेल्या राय धान्याचा पाव खाऊन एक भयंकर रोग व्हायचा. अंगाची आग आग व्हायची, हातपाय सडून झडायचे. ते रोगी या चित्रापुढे येत. येशूची कातडी आठवा: हिरवट, फोडांनी भरलेली, आणि खिळ्यांभोवती ताठ फाकलेली बोटं. रोग्यांना त्यात स्वतःचंच अंग दिसत असणार. आजाऱ्याच्या उशाशी रात्री काढलेल्या बाईला ते दिसणार नाही तर कुणाला?

पण माझी अडचण इथेच आहे. काश्मिरी काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्ताने रसाच्या, म्हणजे कलेच्या आस्वादाच्या, आड येणारी विघ्नं सांगितली आहेत; आपल्याच सुखदुःखाने भारून जाणं हे त्यातलं एक. तुम्ही रडलात ते यजमानांसाठी. तुंबलेलं रडू होतं, त्याला वाट मिळाली, मन हलकं झालं. ती शांतता ओसरणारच होती. चित्र मात्र त्या गडबडीत अर्धंच पाहिलं गेलं. रागावू नका.

ही चित्रं मुळात उघडमीट होणाऱ्या फळ्यांवर आहेत. फळ्या मिटलेल्या असताना क्रूस दिसायचा, उघडल्या की पुनरुत्थान, म्हणजे मेलेला येशू पुन्हा उठतो ते. आता त्या सुट्या मांडल्यात, त्यामुळे मागच्या अंगाला जावं लागतं. तुम्ही गेलात का? पत्रात उल्लेख नाही. तिथे तोच देह आहे, अंगावर एक फोड नाही, पण दोन्ही तळवे वर करून तो खिळ्यांच्या खुणा दाखवतो आहे. फोड गेले आणि खुणा ठेवल्या, हे चित्रकाराने का केलं असेल, यावर मी स्वतः बरेच दिवस अडून बसले होते. त्याला श्रद्धा लागत नाही, बघत राहावं लागतं.

एका चित्राने आयुष्य बदललं म्हणून रशियन चित्रकार कान्डिन्स्कीची गोष्ट सगळे सांगतात: १८९६मध्ये मॉस्कोत फ्रेंच चित्रकार मोनेचं गवताच्या गंजीचं चित्र पाहिलं, कायद्याच्या प्राध्यापकाची जागा नाकारली आणि तिशीत म्युनिकला चित्रकला शिकायला गेला. ती गंज आहे हे त्याला कॅटलॉगमधून कळलं आणि तो आधी वैतागलाच होता, हे कमी सांगितलं जातं. त्यानंतर तो कित्येक दिवस वर्गात बसून नग्न मॉडेलची रेखाटनं करत होता, ते तर कुणीच सांगत नाही.

तुम्ही पुनरुत्थानाची एक चांगली छापील प्रत मिळवा. क्रूसाची इतक्यात नको. भिंतीवर लावू नका, चार दिवसांत ती दिसेनाशी होते. वहीत ठेवा आणि कुणाला टोचून बोललात की त्याच दिवशी काढून दहा मिनिटं बघा. रडू आलं नाही तरी हरकत नाही. दोन-तीन महिन्यांनी मला पत्र टाका. त्यात काय वाटलं ते लिहू नका, काय काय दिसलं ते लिहा.