लेकीच्या विद्यापीठातच बिअर मिळते, हे कसं काय?

प्रश्न : ताई नमस्कार. मे महिन्यात लेकीच्या पदवीदानासाठी आम्ही दोघं अमेरिकेत मॅडिसनला गेलो होतो, विस्कॉन्सिन विद्यापीठातून एमएस केलंय तिने. समारंभ झाल्यावर ती आम्हाला तळ्याकाठी युनियनच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या खाण्याच्या-भेटण्याच्या इमारतीच्या, टेरेसवर घेऊन गेली. हिरव्या, पिवळ्या, केशरी लोखंडी खुर्च्या, सगळीकडे कुटुंबं, लहान मुलं आइस्क्रीम खातायत आणि शेजारच्याच टेबलावर बिअरचा भरलेला जग! मला वाटलं बाहेरून आणला असेल, तर नाही, तिथल्याच काउंटरवर मिळते म्हणे. मग लेकीनेही एक ग्लास आणला. स्वतःसाठी. हे काही बोलले नाहीत, मी पण नाही, पण घरी आल्यापासून ते डोक्यातून जातच नाहीये. सरकारी विद्यापीठात दारू विकू देतात कशी? आणि हे बरोबर आहे का?
– एक आई, सांगली

उत्तर : नमस्कार. तुम्हाला धक्का बसला यात काहीच चूक नाही, आपल्याकडे कॉलेजच्या गेटजवळ बार निघतोय कळलं तरी मोर्चा निघतो.

आधी तिथली गोष्ट सांगते. ती युनियनची इमारत 1928 ची, आणि आत जे जर्मन पद्धतीचं रॅथ्सकेलर, म्हणजे खाण्यापिण्याचा हॉल, आहे ना, तिथे 1933 पासून बिअर मिळते. अमेरिकेत 1920 पासून देशभर दारूबंदी होती, 1933 च्या एप्रिलमध्ये 3.2 टक्के अल्कोहोलवाली हलकी बिअर खुली झाली आणि त्याच वर्षी विद्यापीठाने ती आपल्या आवारात विकायला मान्यता दिली. सरकारी विद्यापीठांमध्ये हे पहिलंच. विस्कॉन्सिनमध्ये जर्मन लोक खूप स्थायिक झालेले, त्यामुळे जेवणासोबत बिअर ही त्यांच्या घरातलीच सवय.

पण सगळ्या अमेरिकेत असं नाहीये हं. नॉर्थ कॅरोलिनात सरकारी विद्यापीठाच्या आवारातल्या धंद्याला दारूविक्रीचं परमिट द्यायचंच नाही असा राज्याचा कायदाच, मग त्यात एकेक अपवाद करत गेले आणि स्टेडियमला सूट मिळाली ती थेट 2019 मध्ये, तीसुद्धा त्या त्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाने ठराव केला तरच. वयाचं म्हणाल तर 1984 च्या केंद्राच्या कायद्याने 21 च्या खाली विक्री बंद न करणाऱ्या राज्याचा हायवेचा निधी कापायला सुरुवात केली, म्हणून विस्कॉन्सिननेही 1986 मध्ये वय 21 केलं. म्हणजे पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या बहुतेक पोरांना तिथे काउंटरवर मिळत नाही.

आता बरोबर का चूक. मी पुण्यात अकरा वर्षं मुलांच्या होस्टेलची रेक्टर होते, त्यामुळे माझं मत कुठून आलंय ते सांगायलाच हवं. एका रात्री दीड वाजता एक मुलगा दारावर आला, पाय थरथरत होते त्याचे, म्हणाला मॅडम तो उठत नाहीये. खोलीत गेले तर दुसरा उताणा पडलेला, तोंडाशी उलटी, आणि बाकीचे रिकाम्या बाटल्या बादलीत घालून वर ओले कपडे टाकत होते. त्याला कुशीवर वळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, बाटल्या लपवायचं मात्र आलं. तो वाचला. पण त्या पोरांनी मला बोलवायला जवळजवळ तास घालवला होता, कारण कळलं तर होस्टेलमधून काढतील ही भीती. ते मी अजून विसरलेले नाही.

म्हणून मला उजेडातल्या, जेवणाच्या टेबलावरच्या, आयडी बघून दिलेल्या ग्लासाची भीती कमी वाटते आणि बंद खोलीतल्या घाईघाईच्या पिण्याची जास्त. दोन तासांत मुलाने पाच किंवा मुलीने चार ड्रिंक रिचवली की तज्ज्ञ त्याला धोक्याचं पिणं म्हणतात, आणि असं पिणं जिथे कुणी बघत नाही तिथेच जास्त होतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचं उदाहरण आहे, तिथे सामन्याच्या मध्यंतरात लोक स्टेडियमबाहेर जाऊन भरपूर पिऊन परत यायचे, 2011 मध्ये विद्यापीठाने हे आत-बाहेर बंद केलं आणि आत बिअर विकायला लागले, तर पोलिसांकडे येणारी प्रकरणं वाढायच्या ऐवजी कमी झाली.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही, विद्यापीठाने बिअरच्या गल्ल्यावर बजेट बसवणं. एकदा का त्या पैशावर खर्च ठरले की मग चौथा ग्लास मागणाऱ्याला नाही म्हणायला काउंटरवरचा पोरगा कचरणारच. आणि उद्या आपल्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बिअर ठेवा असंही मी म्हणत नाहीये. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 आणि बाकी दारूला 25 वय लागतं, आपली पदवीची बहुतेक पोरं अठरा ते वीसची, आणि ओळखपत्र न बघता बाटली हातात देणारी दुकानं तुम्ही-आम्ही रोज बघतो. आधी ते सुधारू दे.

राहिली तुमची लेक. एमएस झालेली मुलगी, कायद्याने सज्ञान, तिने तुमच्यासमोर ग्लास आणला, मैत्रिणीच्या खोलीवर जाऊन नाही. फोनवर एकदा मोकळेपणाने सांगा तिला की मला त्या दिवशी कसंतरी झालं गं. आणि मग विचारा, तू किती घेतेस, घेतल्यावर घरी कुणासोबत जातेस, पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या गाडीत बसतेस का. ती खरं सांगेल असं मला वाटतं, मात्र ऐकताना मध्येच रागावू नका.