नवा शिकारी मासा खात नाही?

मासा टाकीत सोडून दोन दिवस झाले आणि त्याने अजून काही खाल्लं नाही, म्हणून घाबरू नका. ऑस्कर, अरोवाना, स्नेकहेड यांच्यासारखा धडधाकट मोठा मासा आठवडाभर उपाशी राहू शकतो. पिल्लांना मात्र एवढी सवड नसते.

पहिले 24 तास दिवा बंद, खाणं बंद. पाणी तपासा: अमोनिया आणि नायट्राइट (घाणीतून पाण्यात साचणारी विषारी द्रव्यं) शून्य, तापमान 26 ते 28 अंश. अमोनिया असेल तर काहीही पुढे करा, तो तोंड फिरवणार. लपायला पाइपचा तुकडा किंवा लाकूड हवंच. आडोसा असला की मासा लवकर धीट होतो.

मग संध्याकाळी, मंद उजेडात, वळवळणारं छोटं गांडूळ त्याच्या तोंडापुढे सोडा. आधी डोळे वळतात, त्याचे पर क्षणभर थबकतात, मग झडप. दोन-तीनदा असं खाल्लं की सोललेल्या कोळंबीची पट्टी लांब चिमट्यात धरून तशीच हलवा. बिचिर या तळाशी राहणाऱ्या लांबट शिकारी माशाची नजर अधू, तो वासावर येतो. त्याच्यासाठी तुकडा तळाशी ठेवून थांबा. 15 मिनिटांत उचलला नाही तर काढून टाका, नाहीतर पाणी नासतं.

खायला म्हणून जिवंत गोल्डफिश कृपया देऊ नका. त्यांच्यासोबत रोग येतात, शिवाय त्यांच्यातल्या थायामिनेज या बी1 तोडणाऱ्या विकरामुळे खाणाऱ्या माशाला बी1 जीवनसत्त्व कमी पडतं. खाऊनही पोट खपाटीला गेलेलं आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल, तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्या.